गिटारला गोत्र नसते

"इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हणतोस, पण ती वाजवून पास कशात होणार?" असा प्रश्न आमच्या बाबांनी मला दोन वर्षांपूर्वी विचारला होता. प्रश्नात उपहास नव्हता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. प्रत्येक खर्चाच्या शेवटी एखादा दाखला, एखादा शिक्का हाती आला पाहिजे, असे ज्यांना आयुष्याने शिकवले त्यांनी दुसरे विचारायचे तरी काय? त्या वेळी मी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली. आज वार्षिकाच्या निमित्ताने ते उत्तर नीट द्यावे असे मनात आले आहे. बाबांना तर ते द्यायचे आहेच, पण दर जूनमध्ये कँटीनच्या पायरीवर "अरे, नेमकी कुठली गिटार घेऊ?" असे विचारणारे जे मित्र-मैत्रिणी भेटतात, त्यांच्यासाठीही ते आहे.

प्रथम माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढच्या उपदेशाला थोडा अधिकार येईल. बारावीनंतरच्या सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात काम करून आणि मामांनी बक्षीस म्हणून दिलेल्या पैशांची भर घालून मी पहिली गिटार घेतली, ती डोळ्यांनी घेतली. कानांनी घ्यायची असते हे तेव्हा ठाऊक नव्हते. काळी कुळकुळीत, दोन बाजूंना शिंगे, आणि तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, म्हणजे आपले गिटारवाले ज्याला ब्रिज म्हणतात ती, दुहेरी कुलपाची आणि तरंगती. दांडी दाबली की सूर पाताळात जातो आणि सोडली की परत जागेवर येतो. मोठमोठ्या रॉक वादकांच्या हातात मी तशीच पाहिली होती.

त्याच वर्षी नवरात्रात आपल्याच उपनगरातल्या एका मंडळाच्या गरब्यात साथीला बसण्याची सुपारी मिळाली. तिसऱ्या रात्री, ऐन रंगात, माझी सर्वांत बारीक तार तुटली. साध्या गिटारवर एक तार तुटली तर उरलेल्या पाच तारांवर वेळ निभावून नेता येते. तरंगत्या घोडीचे तसे नसते. तिला एका बाजूने सहा तारा ओढून धरतात आणि दुसऱ्या बाजूने पाठीमागच्या स्प्रिंगा. या रस्सीखेचीत ती मध्ये तोललेली असते. एक तार गेली की स्प्रिंगांची बाजू जड होते, घोडी मागे झुकते आणि राहिलेल्या पाचही तारा एकदम चढतात. माझ्या गिटारवर त्या क्षणी एकही सूर जागेवर नव्हता. कीबोर्डवाल्याने सांभाळून घेतले. मी मात्र मंचाच्या कोपऱ्यात चावीने कुलपे सोडवीत बसलो होतो. चौथ्या रात्री माझ्या जागी दुसरा मुलगा होता. मंडळाचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. सहा रात्रींचे मानधन गेले. आईच्या चष्म्याचे पैसे त्यातून द्यायचे ठरले होते. ते दिवाळीनंतर दिले गेले.

त्या गिटारचे काही वाईट नव्हते, हे मला पुढे कळले. ती ज्या कामासाठी घडवली होती ते काम माझे नव्हते, एवढेच. तेव्हापासून मी एकाच प्रश्नाचा विचार करीत आलो आहे: ज्याला एकच गिटार आणि एकच ॲम्प्लिफायर घेणे परवडते आणि ज्याला सर्व प्रकारचे संगीत वाजवावे लागते, त्याने काय घ्यावे?

"सर्व प्रकारचे" म्हणजे काय, हे आपल्या उपनगरांच्या बाहेर राहणाऱ्यांना चटकन उमगत नाही. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीचा गिटारवाला मुलगा वर्षभरात काय काय वाजवतो ते पाहा. एप्रिलमध्ये १४ तारखेच्या आसपास वस्त्या-वस्त्यांतून भीमगीतांचे कार्यक्रम असतात. गणपतीत वाद्यवृंद असतो आणि त्यात जुन्या हिंदी गाण्यांपासून नव्या मराठी चित्रपटगीतांपर्यंत सगळे येते. नवरात्रात गरबा. हळदीला आणि लग्नाला कोळीगीते लागतातच, मग घर कोळ्याचे असो वा नसो. मरोळच्या गावठाणात किंवा बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत मित्र असला तर डिसेंबरमध्ये नाताळची गाणी. कॉलेजच्या महोत्सवात रॉक. आणि मधूनच एखादा गायक म्हणतो, "अभंग करू या, पण गिटारवर." मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा बँड गिटार आणि ड्रम्सच्या संगतीत अभंग गातो, तेव्हापासून ही फर्माईश वाढली आहे. एवढी सगळी घराणी एकाच पिशवीत घालून, ती पिशवी पाठीवर मारून, लोकलच्या गर्दीतून न्यायची असते.

यावर जाणकार म्हणवणाऱ्या मंडळींचे ठरलेले उत्तर असे: रॉकसाठी अमुक गिटार, जॅझसाठी तमुक, आणि 'खरा' सूर हवा असेल तर दोन्ही घ्या. मला हे म्हणणे मान्य नाही. त्यामागे एक समजूत आहे की प्रत्येक गिटार जन्माला येतानाच आपले गोत्र घेऊन येते. इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. फेंडर कंपनीची जी गिटार १९५१ पासून टेलिकॅस्टर या नावाने ओळखली जाते, तिचा पहिला आधार अमेरिकेतले कंट्री संगीत वाजवणारे लोक. पण १९६९ साली आलेल्या लेड झेपेलिनच्या पहिल्या तबकडीवर जिमी पेजने जो दणदणीत आवाज काढला तो याच गिटारवर. गिब्सनने १९५२ मध्ये लेस पॉल या जॅझ आणि लोकप्रिय संगीताच्या वादकाच्या नावाने गिटार काढली. ती पुढे कर्कश रॉकचे प्रतीक झाली. फेंडरने १९५८ मध्ये खास जॅझवाल्यांसाठी म्हणून जॅझमास्टर काढली. जॅझवाल्यांनी तिला फारसे जवळ केले नाही, समुद्रकाठच्या सर्फ संगीतवाल्यांनी ती उचलली. निर्मात्याने घातलेले बारसे वादकांनी वेळोवेळी बदलले आहे.

आपल्याकडचा दाखला तर याहून बोलका आहे. पेटी ही मुळात युरोपातून आलेली. तिला मींड काढता येत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, असे आक्षेप घेतले गेले. आकाशवाणीवर १९४० पासून तिच्यावर बंदी होती, ती १९७१ मध्ये सैल झाली. त्या काळात पेटी काही थांबली नाही. कीर्तनात ती होती, संगीत नाटकात होती, भजनी मंडळात, कव्वालीत आणि लावणीच्या फडातही होती. एकच वाद्य आणि इतके दरबार! कोणी तिला "तू नक्की कोणाची?" असे विचारले नाही. मग गिटारलाच का विचारायचे?

आणि गिटार मुंबईत काही काल आलेली नाही. व्हॅन शिप्ले यांनी चित्रपटगीते विजेच्या गिटारवर वाजवून त्यांच्या तबकड्या घरोघर पोचवल्या. आपल्या गरजेप्रमाणे जादा तारांची गिटारही त्यांनी करून घेतली होती. ब्रिजभूषण काबरा यांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ ची तबकडी केली, तेव्हा गिटारवर राग वाजतो की नाही या वादाचा निकाल लागला. भूपिंदर सिंग यांना आपण गायक म्हणून ओळखतो. पण 'हरे राम हरे कृष्ण' (१९७१) आणि 'यादों की बारात' (१९७३) या चित्रपटांच्या गाण्यांत राहुलदेव बर्मन यांच्यासाठी गिटार वाजवली ती त्यांनीच. पुढे १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक'चे मेळावे धोबीतलावच्या रंगभवनात भरू लागले. या शतकाच्या आरंभी आवाजाच्या नियमांमुळे रंगभवनातले असे कार्यक्रम बंद पडले आणि पुढे हा मेळावा अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर आला. म्हणजे गझल, राग, चित्रपट आणि रॉक या चारही वाटा याच शहरातून, याच वाद्याच्या पाठीवरून गेल्या आहेत. आपण पाचवी काढायला घाबरायचे कारण नाही.

आता मुद्द्याचे. माझे मत असे की उपनगरातल्या विद्यार्थ्याने घ्यावयाच्या गिटारमध्ये तीनच गोष्टी पाहाव्यात: पिकअप, घोडी आणि नेक. रंग, आकार आणि कोणत्या नटाने कोणत्या चित्रपटात धरली होती, हे सर्व नंतर.

पिकअप म्हणजे तारांखालचे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. वर पोलादी तार हलली की वेटोळ्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो आणि तोच ॲम्प्लिफायरकडे जातो. एकेरी वेटोळ्याचा पिकअप स्वच्छ आणि टणत्कारी वाजतो. गरब्याच्या चटपटीत ठेक्याला, कोळीगीताला तोच शोभतो. मात्र तो आजूबाजूच्या विजेची घरघरही पकडतो. मंडपात रोषणाईच्या माळा, डिमर आणि जनरेटर असले की ही घरघर गायकाच्या आलापात मिसळते. यावर उपाय म्हणून गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दुहेरी वेटोळ्याचा पिकअप शोधला. दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडली की दोघांतली घरघर परस्परांना खोडून काढते आणि सूर तेवढा उरतो. त्याला हंबकर म्हणतात. त्याचा आवाज भरदार. रॉकला आणि लांबवलेल्या सुरांना योग्य.

आपल्याला दोन्ही हवेत. तेव्हा मानेकडे आणि मध्ये एकेरी आणि घोडीकडे हंबकर अशी मांडणी असलेली गिटार घ्यावी. यामाहाची पॅसिफिका ही त्या जातीची ओळखीची गिटार. इतर अनेक कंपन्याही तशा काढतात. मी नाव घेतले ते नमुना म्हणून, जाहिरात म्हणून नव्हे. अशा गिटारवर पाच जागांचा खटका असतो. त्याचीही एक गोष्ट आहे. १९५४ च्या स्ट्रॅटोकॅस्टरला तीनच जागांचा खटका होता. वादकांनी तो दोन जागांच्या मध्ये अडकवून नवे आवाज काढले आणि अखेर १९७७ मध्ये कंपनीने पाच जागांचा खटका दिला. हरहुन्नरीपणा आधी वादकाच्या बोटांत आला आणि कारखान्यात मागाहून, हे विसरू नये.

घोडी पक्की बसवलेली असावी. फार तर साधी दांडीची चालेल. तीही मागच्या लाकडाला टेकवून ठेवावी. माझी कहाणी वर सांगितलीच आहे. शिवाय आपल्या कार्यक्रमांत गायक ऐनवेळी पट्टी बदलतो. "आज अर्धा सूर खाली घ्या, घसा बसलाय," असे तो म्हणाला की खुंट्या पिळून दोन मिनिटांत तयार व्हावे लागते. कुलपांच्या घोडीवर तेवढ्या वेळात ते होत नाही.

तिसरी गोष्ट नेक. मुंबईचा पावसाळा लाकडाला आणि तारांना सारखाच छळतो. नेकच्या पोटात एक लोखंडी सळई असते. ती चावीने आवळून किंवा सैल करून नेकचा बाक काढता येतो. ही सळई नीट फिरते की नाही हे दुकानातच विचारावे. तारा बारीक घ्याव्यात, नऊ नंबरच्या. म्हणजे अभंग किंवा गझलेच्या साथीत तार बाजूला ओढून मींड घेता येते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. खुंट्यांजवळच्या पट्टीच्या खाचांतून पेन्सिलीचे शिसे फिरवले की तार अडकत नाही आणि सूर लवकर उतरत नाही. याला एक पैसा पडत नाही.

दुकानात गेल्यावर गिटार प्रथम ॲम्प्लिफायरला न जोडता वाजवावी. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून कोठे खरखर येते का ते ऐकावे. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तोच पडदा दाबून निघणारा सूर एक आहेत की नाहीत ते ताडून पाहावे. ते जुळत नसतील तर घोडीवरचे स्क्रू फिरवून दुरुस्त करून मागावे. एवढे केले तर विक्रेता नाराज होत नाही. उलट ग्राहकाला कान आहेत हे ओळखून तोही सावध होतो.

आता ॲम्प्लिफायर. माझे ठाम मत आहे की आपल्यातले बहुतेक जण इथेच फसतात. गिटारवर सगळे पैसे घालून उरलेल्या चिल्लरीत जो डबा मिळेल तो उचलतात. वास्तविक विजेच्या गिटारचा आवाज निम्म्याहून अधिक ॲम्प्लिफायरच्या हाती असतो. साधी गिटार चांगल्या ॲम्प्लिफायरवर चांगली वाजते. उंची गिटार वाईट ॲम्प्लिफायरवर वाईटच वाजते.

दुसरी फसगत वॅटांची. शंभर वॅट म्हणजे दहा वॅटांच्या दसपट मोठा आवाज, असे पुष्कळांना वाटते. कानाचा हिशेब निराळा आहे. शक्ती दसपट केली तर कानाला आवाज साधारण दुप्पट लागतो. पन्नासाचे शंभर वॅट केले तर फरक पडतो तीन डेसिबलचा, म्हणजे जेमतेम जाणवेल एवढाच. शिवाय गिटारच्या बहुतेक स्पीकरांना एक वॅट दिला तरी एका मीटरवर नव्वद डेसिबलच्या पुढे आवाज होतो. आपल्या कायद्याने, म्हणजे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. राज्य सरकार सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. ती सवलत मंडपासाठी आहे, आपल्या खोलीतल्या रियाजासाठी नाही.

आणि कायद्याचे राहू द्या. आमच्या चाळीत भिंतीपलीकडे एक मावशी राहतात. पहाटे चारला उठून त्या डब्यांच्या पोळ्या लाटायला बसतात आणि रात्री नऊला झोपतात. माझा रियाज सुरू होतो साडेनऊला, कारण त्याआधी खोलीत स्वयंपाक, जेवण आणि बहिणीचा अभ्यास असतो. पहिल्या वर्षी मी छोटा पण एकसुरी ॲम्प्लिफायर वाजवीत असे. मावशी कधी काही बोलल्या नाहीत. एकदा फक्त आईला म्हणाल्या, "पोरगा छान वाजवतो गं, पण ते एकच कडवं रात्रीत किती वेळा?" त्या रात्रीपासून मला ॲम्प्लिफायरचा पहिला गुण कोणता ते कळले. तो म्हणजे हेडफोनची जागा.

म्हणून माझी शिफारस अशी की जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचे स्वप्न तूर्त बाजूला ठेवावे. त्याचा आवाज गोड, यात शंका नाही. पण तो गोडवा येतो व्हॉल्व्हवर जोर पडल्यावर. म्हणजे पाच वॅटांचा घेतला तरी चाळ जागी होते. रोलंडचा जेसी १२० हा १९७५ पासूनचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर स्वच्छ सुराचा आदर्श मानला जातो. पण त्याचे वजन आहे अठ्ठावीस किलो. तो घाटकोपरच्या डोंगरावर कोण चढवणार? आपल्याला हवा तो नव्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर, ज्यात संगणकाची चिप निरनिराळ्या ॲम्प्लिफायरांची नक्कल करते. लाइन सिक्स कंपनीने १९९६ मध्ये असा पहिला ॲम्प्लिफायर आणला, तेव्हा शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली. यामाहाने २०११ मध्ये घरातल्या रियाजासाठी टीएचआर काढला. बॉसच्या २०१६ च्या कटानात पन्नास वॅटांची शक्ती खटक्याने अर्ध्या वॅटावर आणता येते. असा एक लहान ॲम्प्लिफायर घरी हेडफोनवर चालतो आणि सभागृहात त्याची वायर साउंडवाल्याकडे देता येते. मोठा आवाज करणे हे साउंडवाल्याचे काम. आपण चांगला आवाज द्यावा.

दोन सूचना मात्र केल्याशिवाय राहवत नाही. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात; फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे प्रयोगाने दाखवले आहे. त्यामुळे रात्री हेडफोनवर आपण खर्ज वाढवून ठेवतो आणि मंचावर तोच आवाज ढोलीतून आल्यासारखा घुमतो. कार्यक्रमाआधी एकदा तरी मोठ्या आवाजात सूर तपासून घ्यावा. दुसरी सूचना जिवाची आहे. घरघर कमी होते म्हणून काही जण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकतात. पावसाने ओला मंडप, एक हात तारेवर आणि ओठ माइकला, अशा वेळी तीच पिन आपल्याला वाचवणारी असते. ती काढू नये. आपल्या खिशात दहा-वीस रुपयांचा टेस्टर ठेवावा.

माझ्या या सगळ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल. "एक ना धड, भाराभर चिंध्या." जो सगळे वाजवतो त्याला काहीच नीट येत नाही. आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी नाकारीत नाही. या नव्या ॲम्प्लिफायरमध्ये पन्नासेक आवाज भरलेले असतात. मी पहिला महिना ते बदलण्यातच घालवला आणि बोटे जिथल्या तिथे राहिली. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: तीनच आवाज. एक स्वच्छ, एक किंचित खरखरीत, एक भरपूर खरखरीत. बाकीचे काम गिटारवरचे व्हॉल्यूम आणि टोनचे बटण आणि पाच जागांचा खटका यांनी करायचे. मानेकडचा पिकअप, टोन निम्म्यावर आणि व्हॉल्यूमचे बटण करंगळीने हळूहळू वर नेले की अभंगाला सारंगीसारखी आस मिळते. मधल्या जागेवर, स्वच्छ आवाजात, तळव्याने तारा दाबून वाजवले की गरबा होतो. घोडीकडचा हंबकर आणि किंचित खरखर दिली की भीमगीतात बेंजोच्या जोडीने वाजवता येते. रॉकसाठी तिसरा आवाज आहेच. हरहुन्नरी होणे म्हणजे थोड्या साधनांतून पुष्कळ काढणे. पुष्कळ साधने बाळगून थोडे काढण्याला आपल्याकडे श्रीमंती म्हणतात.

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी संधी खर्च शिकवला, तेव्हा मला पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा माझी गिटारच आठवत होती. ज्याच्या घरी दोन गिटारी येऊ शकतात त्याच्यासाठी चुकीची गिटार ही एक हौस असते. ज्याच्या घरी एकच येते, त्याच्यासाठी चुकीच्या गिटारची किंमत म्हणजे सहा रात्रींचे मानधन आणि आईचा चष्मा. या वर्षी मी जुनी गिटार विकली आणि त्या पैशांत साठवलेले घालून एकवीस हजार जमवले. तेरा हजारांची गिटार, साडेसहा हजारांचा वापरलेला ॲम्प्लिफायर, आणि उरलेल्यात पट्टा, वायर, जादा तारांचे दोन संच आणि कारागिराकडून गिटार लावून घेण्याची मजुरी. हा हिशेब मांडला तो यासाठी की आपल्यापैकी कुणाला तो उपयोगी पडावा.

आता शेवटी एक मागणी, जी मी प्राध्यापकवर्गापुढे नम्रपणे ठेवतो. आपल्या कॉलेजच्या जिमखान्यात कॅरम आहेत, टेबल टेनिसचे टेबल आहे, ते सर्वांचे आहे. ज्याच्या घरी टेबल मावत नाही तोही ते खेळू शकतो. त्याच न्यायाने सांस्कृतिक विभागाकडे एक मध्यम आकाराचा ॲम्प्लिफायर आणि एक साधी, सर्व कामांची गिटार का असू नये? शनिवारी दुपारी तास संपल्यावर एका खोलीत दोन तास, नोंदवहीत सही करून, मर्यादित आवाजात. दरवर्षी स्नेहसंमेलनासाठी दोन दिवस भाड्याने सामान आणण्याऐवजी हे वर्षभर पुरेल. "गोंगाट होईल" ही शंका रास्त आहे. तिच्यासाठी हेडफोनची जागा आहेच. आज आपल्या वर्गात गिटार शिकू पाहणाऱ्या अनेकांनी, विशेषतः मुलींनी, ती एकदाही हातात धरलेली नाही, कारण घरी विचारण्याआधीच उत्तर ठाऊक असते. वाद्य न वाजवताच ते आपले नाही असे ठरवून बसणे, हे गोत्र पाहण्यासारखेच आहे.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. गेल्या गणपतीत आमच्या चाळीच्या आरतीनंतर मी त्यांच्या आवडीचे एक जुने गाणे नव्या गिटारवर वाजवले. मावशीही बाहेर येऊन बसल्या होत्या. बाबा शेवटपर्यंत उभेच राहिले. मग जवळ येऊन त्यांनी ॲम्प्लिफायरला हात लावून पाहिला आणि विचारले, "ह्याची अर्थिंग नीट आहे ना रे?"

पास झालो की नाही ते मला अजून ठाऊक नाही. पण परीक्षक बसून ऐकू लागले आहेत.